मोहाखालचा मका

२८ डिसेंबर १९८६, रविवार

ही वही माही आहे. दुसरी वही सत्याची. तिच्यात फक्त आकडे लिहायचे असं तिनं मले दोनदा बजावलं. पाणी कोणत्या तारखेले देलं, किती मिनिटं देलं, मका किती बोटं वाढला, एवढंच. मंग बाकीचं कुठी लिहू, म्हणलं. तं तिनं हसून ही दुसरी वही देली. साठीच्या तोंडावर मी प्रौढांच्या वर्गात लिहाले शिकली, तवापासून कोरा कागद दिसला का माहा हात खाजवते.

सत्या म्हणजे सत्यशीला, माह्या हरिदासची पोरगी. हरिदास बल्लारपूरले राह्यते, पोरगी नागपूरले शेतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाले आहे. मी नागपूर पाह्यलं ते छप्पन साली, दीक्षेच्या वेळी, अन् तवा गर्दीत माही एक चप्पल गेली. दुसरी मी तीन वर्षं जपून ठेवली होती, कोणाची तरी तशीच गेली असन म्हणून. ते असो.

सत्या म्हणते, "आजी, तुह्या वावरात मी मका लावतो." म्हणलं, धानाच्या बांधीत मका? तिनं काडीनं मातीत चार वाफे काढून दाखवले. दोन वाफ्यायत मक्याच्या ओळींमधात धानाचं तणस पांघरायचं, दोन उघडे ठेवायचे. पांघरलेल्यातल्या एकाले आठ दिवसांनी पाणी, दुसऱ्याले सोळा दिवसांनी. उघड्यायचंही तसंच. बाकी बियाणं, खत, निंदण सगळ्यायले सारखं. शेवटी कणसं मोजायची.

"हे तं मी तुले आताच सांगतो," म्हणलं, "पाणी जास्त तं पीक जास्त."

"किती जास्त, ते सांग."

मी जेवणाची ताटं वाढली.

मंग जेवता जेवता तिनं खरी गोष्ट सांगतली. तिचे सर म्हणत होते का प्रयोग कॉलेजच्या वावरात कर. ही अडून बसली, माह्या गावात पाणी कमी अन् तणस जास्त, तिथंच करन. तं सर म्हणले, घरच्या म्हातारीच्या भरवशावर प्रयोग होत नसतो, बिघडला तं पुढच्या शिक्षणासाठी माह्याकडे यायचं नाही. सत्या हे सांगताना हसून राह्यली होती. मले हसू आलं नाई. म्हातारी म्हणजे मीच.

परवा पेरणी आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

मका दोन-चार पानांवर आला. सत्या दोन दिवस येऊन गेली अन् आम्ही तणस पांघरलं. शेजारचा मनसाराम दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर उभा राहून मजा पाहत होता.

"काय वो मीराबाई, जमिनीले थंडी वाजते का?"

"वाजते."

"मंग पायमोजेही घाला तिले. बैलाच्या तोंडचं काढून मातीले चारून राह्यल्या. उधई लागन पाहा."

उधईचं माह्याही मनात आलं होतं, पण त्याच्यापुढं कशाले बोलू.

तणस कमी पडलं. दुसऱ्या वाफ्याचा एक कोपरा उघडाच राह्यला. सत्या कॉलेजले गेली, मी विचारात. अन् आज सकाळी पाह्यतो तं धुऱ्यावर तणसाचे दोन भारे. मनसारामच्या गाडीवरून पडले असतील म्हणून त्याले विचारलं, तं नाई म्हणला. लाजला असन, काल एवढं बोलला म्हणून. भाऱ्याच्या दोरीले डावा पीळ होता. आमच्याकडे असा डावा पीळ देवकी घालते, ती डावखोरी आहे. मनसारामही तसाच घालत असन.

देवकी म्हणजे देवकाबाई, माही धाकटी जाऊ. कुंपणाच्या पलीकडे तिचं घर, अलीकडे माहं. दोघीचेही मालक गेले, दोघीचीही पोरं बाहेर, तिचा पोरगा अहेरीले जंगलखात्यात आहे. अकरा वर्षं झाली, आमचं बोलणं बंद आहे. माह्या पोरीच्या, कांताच्या लग्नात पंगत बसली होती, अन् हिनं पाहुण्यायसमोर मी केलेल्या वरणाची वाटी हलवून म्हणलं, "बाईनं वरण केलं का विहीर उपसली?" व्याही हसले. मी म्हणलं, "तुह्या घरी तं विहीरही नाई." बस. ती धाकटी आहे, आधी तिनं बोलाव. ती काऊन बोलत नाई ते तिले माहीत.

पण शेजारी राहून काही सांगायचं तं पडतेच. मंग मी माह्या बकरीले सांगतो, ती तिच्या कोंबडीले सांगते. दोघी मोठ्यानं सांगतो. चालते.

३० जानेवारी, शुक्रवार

पाणी मिनिटांवर मोजून द्यायचं म्हणून सत्यानं गजराचं घड्याळ देलं आहे. मी ते घेऊन विहिरीवर बसतो, मोटर सुरू करतो, गजर झाला का बंद करतो. आज मनसाराम बैल घेऊन बाजूनंच चालला होता तवाच गजर झाला. बैल उधळले ते थेट तलावाच्या पारीवर थांबले. मनसाराम मांगं पळता पळता मले काय काय म्हणला ते इथी लिहत नाई, सत्या कदी वाचन.

वाफ्यायले आकडे घालायचे असं ठरलं होतं, एक दोन तीन चार. माह्या ध्यानात राहत नाई. मी नावं ठेवली. पांघरूणही आहे अन् आठ दिवसांनी पाणीही आहे, तो जावई. पांघरूण आहे पण पाणी सोळा दिवसांनी, ती सून. उघडा हिंडते अन् आठ दिवसांनी पाणी पेऊनही तहान तहान करते, तो पोरगा. अन् चौथा वाफा, उघडा, सोळा दिवसांनी पाणी, कोरडा, ताठ, कोणाशी बोलत नाई. त्याचं नाव देवकी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

रोज सकाळी चारही वाफ्यायत बोट घालून पाह्यतो. पोरगा चौथ्या दिवशी वरून कोरडा होते. सुनेचं तणस बाजूले करून बोट घातलं तं दहाव्या दिवशीही बोटाले माती चिकटते. तणसाखाली गांडुळंही निघाली. अन् निंदणाचं पाहा, उघड्या वाफ्यायत दोनदा खुरपं धरलं, पांघरलेल्यायत गवतच नाई. उधई लागली थोडीशी जावयाच्या कोपऱ्यात, पण मेलेल्या तणसालेच, मक्याले नाई. मनसारामले हे सांगतलं नाई.

काल देवकीची पानं दुपारी गुंडाळून आली होती. वाफ्याची म्हणतो. लय वाईट वाटलं. घागर भरून नेली. धुऱ्यापर्यंत गेली, अन् तिथी उभी राहून विचार केला का पोरीनं आपल्यावर टाकलं आहे, अन् ते सर म्हातारी म्हणले आहेत. घागर वापस आणली. त्या पाण्यानं भांडे घासले. संध्याकाळी वरण कडू लागत होतं.

रानडुकरं तलावाकडून येऊन राह्यले म्हणतात. माह्या वावराच्या त्या बाजूले कोणीतरी बोराट्यायच्या काटेरी फांद्या रोवून ठेवल्या. मनसाराम बोलते वाईट, पण माणूस चांगला आहे.

२ मार्च, सोमवार

तुरे आले. जावई माह्या डोस्क्याच्या वर गेला. सून त्याच्या खांद्याले. पोरगा अन् सून सारखेच दिसतात, काठी लावून मोजलं तं दोन बोटांचा फरक. निम्म्या पाण्यात सून पोऱ्याच्या बरोबरीत. हे मी आकड्याच्या वहीत लिहलं, पण आकड्यात त्याची मजा येत नाई.

सत्याचं पत्र आलं. सर एप्रिलात कणसं मोजाले स्वतः येणार आहेत.

१२ मार्च, गुरुवार

माह्याकडून मोठी चूक झाली आहे. ती डिसेंबरातच झाली होती, दिसली आज.

धुऱ्यावरचा मोह. त्याले आता कळ्या आल्या. सून वाफा त्याच्याच खाली आहे, अन् देवकी वाफा फांद्यायच्या कडेले. हिवाळ्यात मोह काही मागत नाई, उभा राह्यते, म्हणून माह्या ध्यानातच आलं नाई. वावर माहं आहे, पण मोह माहा नाई. वाटण्या झाल्या तवा वावर आमच्याकडे आलं अन् मोह धाकट्याकडे गेला. म्हणजे तो देवकीचा. जाऊ देवकीचा.

अन् ज्याचा मोह, त्यानं त्याच्या खालची जागा फुलं गळायच्या आधी झाडून साफ करायची, पाचोळा जाळायचा, ही इथली रीत आहे. पहाटे फूल कोऱ्या जमिनीवर पडलं तं वेचता येते, पाचोळ्यात पडलं तं गेलं. इतकी वर्षं ती माह्या वावरात येऊन झाडते, वेचते, जाते. मी तिकडं पाहत नाई, ती इकडं पाहत नाई. धान कापून बांधी मोकळी असे, कोणाचं काही अडत नसे.

औंदा तिच्या मोहाखाली सत्याचं तणस आहे.

तिले एक शब्द सांगतलं का काम झालं. पण आधी तिनं बोलाव.

१८ मार्च, बुधवार

सांगतलं.

ती अंगणात मोहाची टोपली शेणानं सारवत होती. मी बकरीजवळ बसली अन् मोठ्यानं म्हणलं, "बकरे, वावरातल्या तणसाले कोणी हात लावू नोको बरं. ते पोरीच्या शिक्षणाचं आहे."

तिकडून आवाज आला, "कोंबडे, लोकायची बकरी तणस खाते का वो? खात असन तं बांधून ठेवाव."

तिनं ऐकलं, मी पाह्यलं. आता माह्यावर काही नाई. उद्या चारही वाफ्यायले पाणी आहे, आठाचंही अन् सोळाचंही. ते देऊन परवा बल्लारपूरले जातो. हरिदासच्या धाकट्या पोरीचा वाढदिवस आहे, लाडू मागून राह्यली.

२५ मार्च, बुधवार

एस.टी.तून उतरली अन् पिशवी घेऊन सरळ वावरात गेली.

सून उघडी. एक काडी तणस नाई, अंगण झाडावं तशी झाडलेली. अन् ते सगळं तणस कुठी, तं बाजूच्या देवकी वाफ्यात, ओळींमधात नीट सारलेलं. पांघरलेला वाफा उघडा झाला अन् उघडा पांघरला गेला. मोहाची फुलं वेचून नेलेली.

मी धुऱ्यावर बसली. बल्लारपूरचा एक लाडू राह्यला होता, तो खाल्ला. 

मंग बोट घातलं, सवय. सुनेची माती वरून फुटली होती, भेगेत माहं करंगळीचं पेर गेलं. सहा दिवसांपूर्वीच पाणी देलं होतं. पानं कडेनं वळलेली. अन् देवकी वाफा, जन्माचा कोरडा, त्याच्या तणसाखाली माती गार, मऊ. सहा दिवसांत. मले राग आला होता अन् नवलही वाटत होतं, दोन्ही सोबत. लिहून ठेवतो.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी बकरीले लय बोलली. म्हणलं, "बकरे, पोरीचं वर्ष गेलं तं कोण भरून देणार आहे? हात लावू नोको म्हणून सांगतलं होतं का नाई?"

कुंपणापलीकडे तिनं टोपली खाली ठेवली. मंग आवाज आला, लहानच होता. "कोंबडे, बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण झाडलं. दरसाल झाडतो तसंच. तणस बकरीपासून जपाचं एवढंच कळलं होतं, कोणत्या वाफ्यातलं कुठी ते नाई. म्हणून जाळलं नाई, बाजूले ठेवलं."

हो, जाळलं नाई. मोहाखालचं सगळे जाळतात. हे एक आहे.

दिवसभर एकटी तणस वापस टाकत बसली. कंबर गेली.

२७ मार्च, शुक्रवार

तांबडं फुटताना वावरात गेली तं देवकी टोपली घेऊन मोहाखाली उभी. फुलं टपटप पडून राह्यली होती, अन् पडली का तणसात गुडूप. ती तणसाकडं पाहे, झाडाकडं पाहे. खराटा आणला नव्हता. मंग खाली बसली अन् तणसाले धक्का न लावता एक एक फूल चिमटीनं काढाले लागली. अशानं टोपली भराले दिवाळी आली असती.

मी दुसऱ्या टोकाले बसली अन् वेचाले लागली. कोणी काही म्हणलं नाई. बकरी घरी होती.

थोड्या वेळानं ती उठून गेली. मले वाटलं रागावली. तं चार जुनी लुगडी घेऊन आली अन् ओळींमधात तणसावर, अन् त्या उघड्या वाफ्यातही, अंथरली. आता फूल पडलं का लुगड्यावर. ऊन चढायच्या आत लुगडी उचलायची, टोपलीत झटकायची. इतकी सोपी गोष्ट. माह्या डोस्क्यात आली नाई.

एक लुगडं मी ओळखलं. हिरवं, लाल काठाचं, कांताच्या लग्नात मी तिले मानाचं घेतलं होतं. मले वाटे तिनं ते पेटीत टाकलं असन नाईतं कोणाले देऊन टाकलं असन. पण नेसून नेसून त्याची चाळण झाली होती, दोन ठिकाणी ठिगळ. म्हणजे आवडलं होतं तं.

एक ओळ कमी पडली. मी घरून माहं आणलं.

३१ मार्च, मंगळवार

सत्याच्या वहीत एकवीस तारखेपासून सव्वीसपर्यंतच्या ओळी कोऱ्या आहेत. पेन घेऊन तीनदा बसली. "सगळं ठीक" लिहलं तं कोणाले कळणार आहे. तणस जागेवर आहे, मका उभा आहे. अन् खरं लिहलं तं पोरीचं पुढचं शिक्षण गेलं, ते सर म्हणतील, म्हातारीच्या भरवशावर होत नसते म्हणलं होतं ना.

पण मंग मी घागर वापस काऊन आणली होती.

ओळी कोऱ्याच आहेत. लुगडी रोज सकाळी अंथरून राह्यलो. दोन टोपल्या झाल्या.

९ एप्रिल, गुरुवार

सत्या आली. पाय धुवायच्या आधीच सांगून टाकलं. पोरीचा चेहरा उतरला. नळाखाली हात धरून तशीच उभी राह्यली, पाणी वाहून चाललं.

"नेमके किती दिवस, आजी?"

"दुसऱ्या वहीत आहे."

ती वही धानाच्या कणगीत लपवली होती, काढून देली. सत्या अंगणात खाटेवर बसून वाचाले लागली. आधी कपाळाले आठ्या. मंग भेगेत करंगळी गेली तिथी थांबली अन् ते दोनदा वाचलं. मंग मांगची पानं चाळली, तं वाफ्यायची नावं आली अन् ती हसाले लागली, अन् मी नोको नोको म्हणत असताना मोठ्यानं वाचली, "कोरडा, ताठ, कोणाशी बोलत नाई. त्याचं नाव देवकी."

कुंपणापलीकडे सूप पाखडाचा आवाज थांबला.

मंग देवकीचा आवाज आला. "कोंबडे, ऐकलं का? म्हणजे मी माह्याच अंगावर पांघरूण घातलं."

सत्या खाटेवरून पडता पडता राह्यली. मी घरात जाऊन बसली.

११ एप्रिल, शनिवार

सर आले. मले वाटलं होतं पिकल्या मिशांचे असतील, तं हडकुळा पोरगाच, चष्म्याचा. आंब्याचं पन्हं तीन ग्लास पेला. मनसारामनं धान मोजाचा काटा आणला, अन् स्वतःही राह्यला, पाहाले.

कणसं तोडली, मोजली. जावई चोवीस किलो. पोरगा एकवीस. सून साडेवीस. देवकी तेरा.

सर म्हणले, "निम्म्या पाण्यात साडेवीस?" अन् मंग वही उघडली, कोऱ्या ओळी पाह्यल्या. "हे काय आहे?"

सत्यानं तोंड उघडलं, त्याच्या आधी मोहाखालून आवाज आला. "मी झाडलं जी." देवकी टोपली ठेवून पुढं आली. "माह्या मोहाखाली होतं, रीतीनं झाडलं. पोरीची चूक नाई."

मले राहवलं नाई. "तिचीही नाई जी. मी तिले सांगतलंच नाई."

"कोणालाच नाही?" सर म्हणले.

"बकरीले सांगतलं होतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, वापस घातला. मनसाराम म्हणला, "सर जी, या दोघीचं असंच आहे, अकरा वर्षांपासून." मंग सत्यानं माही ही वही त्यायच्या हातात देली. मले वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. ते धुऱ्यावर बसून वाचत राह्यले, कितीतरी वेळ. मधात एकदा हसले, कुठी हसले ते कळलं नाई.

मंग सत्याले म्हणले, "जसं झालं तसं तारखांसकट लिही. काहीही लपवू नकोस. पाच दिवस आच्छादन काढल्यावर जमीन कशी झाली आणि टाकल्यावर कशी झाली, हे तर आपण ठरवून पाहिलंच नसतं. आणि पुढच्या वर्षी हाच प्रयोग इथेच पुन्हा कर, माझ्याकडे एम.एस्सी. करताना." अन् माह्याकडे वळून म्हणले, "फक्त मोहापासून लांब, आजी."

"मोह कुठी जाते जी," देवकी म्हणली, "वाफेच सरकवा."

जाताना तिनं चौथ्या वाफ्याच्या ढिगातून दोन कणसं उचलून टोपलीत टाकली. म्हणली, "माहे आहेत." कोणाले म्हणली माहीत नाई, पण कोंबडी घरी होती.

१४ एप्रिल, मंगळवार

बाबासाहेबांची जयंती. विहारासमोर पंचशीलाचा झेंडा लावला, मिरवणूक काढली, सत्यानं भाषण केलं, त्याच्यात मक्यावरही दोन वाक्यं घुसवली. गावजेवणाचं वरण दरसाल माह्याकडे असते. मोठं गंज चुलीवर, मी पळी घेऊन बाजूले, घामानं निथळत. अकरा वर्षं झाली, वरण मी घट्टच करतो. इतकं का पळी उभी राह्यते.

देवकी पत्रावळ्या मांडत होती. मांडता मांडता चुलीजवळ आली, गंजात वाकून पाह्यलं अन् म्हणली, "बाई, थोडं पाणी टाका. घट्ट झालं."

मी मांगं वळून पाह्यलं, कोंबडी कुठी दिसते का म्हणून. नव्हती.

मी पाणी टाकलं. जरा जास्तच पडलं. पंगतीत ती माह्या बाजूले बसली, वाटीभर वरण पेली, आणखी मागून घेतलं, अन् पाण्याबद्दल काही म्हणली नाई.